मांजरांचा ल्युकेमिया आणि आपले घर

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या वेळी एक बाई दवाखान्यात आल्या. त्यांना स्वतःला काही होत नव्हते. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असून पुण्यास उपचार सुरू आहेत, हे मला ठाऊक होते. पहिली रक्ततपासणी मीच लिहून दिली होती. थोडा वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, रागावणार नसाल तर एक विचारते. आमच्या घरात मांजर आहे. शेजारच्यांनी मोबाईलवर वाचलं, मांजरांनाबी ल्युकेमिया होतो आन् तो पसरतो म्हणे. सासूबाई म्हणतात, पोत्यात घालून बाजारात सोडून या. आमच्या लेकराला ते मांजरामुळं झालं का हो?"

त्यांना मी तेथेच सांगितले, की नाही, मांजरामुळे झाले नाही. तरीही त्या उठेनात, तेव्हा लक्षात आले की "नाही" एवढ्याने काम भागणारे नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या नव्हत, म्हणून त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, आजचे सदर या विषयावर लिहितो. मी पशुवैद्य नाही, माणसांचा डॉक्टर आहे. पण या आजाराने माझ्या घरातील दोन मांजरे गेली, आणि त्या निमित्ताने मी जे वाचले व पशुवैद्यांकडून शिकलो ते आपल्या उपयोगी पडेल असे वाटते.

आधी मुलांविषयी. लहान मुलांतील ल्युकेमिया हा संसर्गजन्य रोग नाही. हाडांच्या आतील मगजात रक्ताच्या पेशी तयार होत असतात. तेथे एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि ती बेबंद वाढू लागते. हा बिघाड बहुतेक वेळा कोणाच्याही चुकीमुळे झालेला नसतो. आईच्या खाण्यामुळे नाही, दृष्ट लागल्यामुळे नाही, मांजरामुळे तर मुळीच नाही. योग्य उपचार पूर्ण केले तर या वयातील बरीच मुले आज बरी होतात, हेही त्या बाईंना पुन्हा सांगावे लागले.

मग मोबाईलवर वाचलेले ते खोटे का? तेही पूर्ण खोटे नाही. मांजरांना ल्युकेमिया होतो, तो विषाणूमुळे होतो आणि एका मांजराकडून दुसऱ्याला लागतो, हे तिन्ही खरे आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठातील पशुवैद्यक विल्यम जॅरेट यांच्याकडे एक चमत्कारिक प्रकार आला होता. एकाच घरातील मांजरे एकामागून एक लसिकापेशींच्या कर्करोगाने आजारी पडत होती. कर्करोग असा घरात पसरत नाही, पसरला तर मागे जंतू असला पाहिजे, असा तर्क करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूसारखे कण दाखवून दिले. तोच हा मांजरांचा ल्युकेमिया विषाणू.

हा रेट्रोव्हायरस गटातील विषाणू आहे. या गटाची खोड समजावून सांगायची तर आपल्या सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. एखादा लबाड मनुष्य तलाठ्याच्या दप्तरात शिरून आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर स्वतःचे नाव घुसडतो. पुढे त्या उताऱ्याच्या जितक्या नकला निघतील तितक्यांवर त्याचे नाव येते. हा विषाणू तसेच करतो. तो मांजराच्या पेशीत शिरून तिच्या मूळ जनुकीय दस्तऐवजातच आपली नोंद करतो, आणि ती पेशी वाढली, दुभंगली की प्रत्येक नव्या पेशीत ही नोंद जाते. नेमकी नोंद पेशीची वाढ ताब्यात ठेवणाऱ्या जनुकाशेजारी झाली, तर तेथून कर्करोग सुरू होऊ शकतो. माणसातील एड्सचा विषाणू, जो १९८३ साली सापडला, तोही रेट्रोव्हायरसच. म्हणून काही लोक मांजरांच्या ल्युकेमियाला "मांजरांचा एड्स" म्हणतात. ते चूक आहे. तो मांजरांचा दुसराच विषाणू, १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडलेला. अर्थात माणसाला या दोन्हींपासून धोका नाही.

माणसाला धोका नाही हे कशावरून, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढविलेल्या मानवी पेशींत हा विषाणू वाढू शकतो असे सुरुवातीच्या काळात दिसले होते, त्यामुळे शास्त्रज्ञही धास्तावले होते. म्हणून रोज मांजरे हाताळणारे, त्यांचे चावे-ओरखडे खाणारे पशुवैद्य आणि आजारी मांजरांचे मालक यांची रक्ते तपासली गेली. माणसात हा संसर्ग आढळला नाही. साठ वर्षे होत आली, आजही एकही सिद्ध झालेले उदाहरण नाही. कुत्र्यालाही तो मांजराकडून लागत नाही.

आता मांजरांकडे वळू. विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. मांजरे एकमेकांना चाटतात, एका वाडग्यात खातात, पाणी पितात, बोके भांडताना चावतात. यातून तो पसरतो. व्यालेल्या भाटीकडून पोटातच किंवा दुधातून, चाटण्यातून पिल्लांना मिळतो. पिल्ले त्याला फार लवकर बळी पडतात, प्रौढ मांजर बरेच टक्कर देते. शरीराबाहेर मात्र हा विषाणू दुबळा. कोरड्या जागी काही तासांत मरतो, साबणाने मरतो.

लागण झालेले प्रत्येक मांजर मरतेच असे नाही, आणि घाबरलेल्या मालकांना हेच माहीत नसते. काही मांजरे विषाणूला सुरुवातीलाच परतवून लावतात. काहींमध्ये नोंद राहते पण ताबा मिळत नाही, म्हणजे विषाणू पेशींत दडून बसतो, रक्तात फिरत नाही, आणि मांजर वर्षानुवर्षे ठणठणीत राहू शकते. तिसऱ्या प्रकारात मात्र तो मगजात ठाण मांडतो. अशी बहुतेक मांजरे निदानानंतर सुमारे तीन वर्षांत दगावतात. तीही सगळी कर्करोगाने नव्हे. कोणाला रक्तक्षय होतो, कोणाची प्रतिकारशक्ती ढासळून साधी सर्दी, तोंडातले व्रण, जुलाब बरे होईनासे होतात. नावात ल्युकेमिया आहे म्हणून फक्त पांढऱ्या पेशींचा आजार समजू नये.

येथेच आणखी एक घोटाळा दूर करतो. पॅनल्युकोपेनिया नावाचा मांजरांचा दुसरा रोग आहे. नाव ऐकायला जवळचे, रोग अगदी वेगळा. त्यात पांढऱ्या पेशी एकदम घटतात, उलट्या-जुलाब होतात आणि पिल्ले दोन-चार दिवसांत जातात. त्याचा विषाणू चिवट. घरात वर्षभरही टिकू शकतो. आपल्याकडे मांजरांना सर्रास दिली जाते ती तिहेरी लस या रोगावर व सर्दीच्या दोन विषाणूंवर असते. ल्युकेमियावर ती चालत नाही. ल्युकेमियाची लस वेगळी. ती १९८५ साली अमेरिकेत प्रथम बाजारात आली, रेट्रोव्हायरसविरुद्धची ती पहिलीच लस. आपल्या भागात ती मिळते का, हे पशुवैद्यांना विचारावे. लागण झाल्यावर तिचा उपयोग नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. २०१७ च्या पावसाळ्यात परसातल्या लाकडांच्या ढिगात एक भाटी व्याली आणि काही दिवसांनी दिसेनाशी झाली. दोन पिल्ले मागे राहिली. तांबडा बोका म्हणून तो तांब्या, आणि त्याची तिरंगी बहीण मनी. आमच्या सौ.नी त्यांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढविले. (गाईचे दूध पिल्लांना चांगले नसते हे मला नंतर कळले. ती वाचली हे नशीब.)

जानेवारी २०१९ मध्ये तांब्या खाईनासा झाला. दीड वर्षाचे वय, चार किलोचा बोका. मी म्हटले जंत असतील, आणि जंतांचे औषध दिले, वर टॉनिक दिले. "बघू आठवडाभर" म्हणत तीन आठवडे घालविले. घरगुती उपाय करून उशिरा येणाऱ्या रुग्णांवर मी गेली अठ्ठावीस वर्षे ओरडत आलो आहे. तेच मी केले. सौ. म्हणाल्या, "तुम्हाला माणसांचं कळतं, मांजरांचं नाही. याच्या डॉक्टरांकडे चला." गावातील पशुवैद्यांनी त्याचा ओठ वर उचलला आणि मला हिरडी दाखविली. कागदासारखी पांढरी. रुग्णाची पापणी खाली ओढून रक्त किती आहे ते मी रोज पाहतो, पण घरातल्या मांजराचा ओठ उचलून पाहावा हे मला सुचले नव्हते. मांजर आजार लपवते. वजन घटते, अंग चाटून साफ करणे थांबते, उंच उडी मारणे बंद होते, आणि या सगळ्याला आपण "आळशी झालंय" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दोघांना पिशवीवजा पिंजऱ्यात घालून पुण्यास नेले. चाचणी अगदी मलेरियाच्या कार्डासारखी असते. रक्ताचे थेंब, एक द्रावण आणि दहा मिनिटे वाट पाहणे. एक रेघ आली तर चाचणी ठीक चालली एवढाच अर्थ, दुसरी आली तर विषाणूचे प्रथिन रक्तात आहे. तांब्याच्या कार्डावर दोन रेघा आल्या. हिमोग्लोबिन चारच्या खाली होते. मग मनीचे रक्त घेतले. ती टेबलावर मजेत बसली होती, डोळे चमकदार, वजन उत्तम. तिच्याही कार्डावर दोन रेघा आल्या.

मांजरालाही रक्त देता येते. त्यांचेही गट असतात, आणि गट न जुळवता दिलेले रक्त जीवघेणे ठरू शकते. तांब्याला एकदा रक्त दिले. आठ दिवस तो बरा दिसला, ताटलीतला मासा खाल्ला, नंतर पुन्हा खालावला. मगजात नवे रक्त तयारच होत नव्हते. निदानानंतर एकोणिसाव्या दिवशी पहाटे तो गेला. आधी नेले असते तर वाचला असता का, हे मी पशुवैद्यांना विचारले. "बहुधा नाही," ते म्हणाले. "पण त्रास थोडा कमी झाला असता." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

राहिली मनी. नातेवाइकांपैकी एकाने सरळ सांगितले, हिलाही औषध देऊन मोकळी करा. १९७० च्या दशकात ही चाचणी निघाल्यावर परदेशात अनेक निरोगी दिसणारी मांजरे केवळ अहवालावरून मारली गेली. आज तज्ज्ञांचे मत तसे राहिलेले नाही. अमेरिकेतील मांजरांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनातही केवळ चाचणीवरून मांजराला मरण देऊ नये असेच म्हटले आहे. एका चाचणीवर अंतिम निष्कर्षही काढू नये. काही आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण मधल्या काळात मांजर विषाणूला दाबून टाकू शकते. आम्ही तीन महिन्यांनी पुन्हा केली. दोन रेघाच आल्या.

मग घर तिच्यासाठी बदलले. खिडक्यांना व मागच्या पडवीला तारेची जाळी मारली. सुताराने विचारले, "चोर आत येऊ नये म्हणून का?" मी म्हटले, "नाही, आतला बाहेर जाऊ नये म्हणून." यात दोन फायदे होते. बाहेरच्या मांजरांना तिच्याकडून लागण होणार नव्हती, आणि बाहेरचे रोग तिला लागणार नव्हते. शस्त्रक्रिया करून तिची प्रजोत्पत्ती बंद केली. कच्चे मांस, कच्ची मासळी बंद. शिजवूनच द्यायचे, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला कच्च्यातले जंतू महागात पडतात. दर सहा महिन्यांनी वजन, रक्त, दात यांची तपासणी. जंत, पिसवा यांचे औषध वेळेवर. आणि साधी शिंक आली तरी "बघू आठवडाभर" नाही. मुलगी दुसरे पिल्लू आणूया म्हणून मागे लागली होती, त्याला मी नकार दिला. विषाणूवर हुकमी औषध नाही. माणसातील एड्ससाठीचे झिडोव्हुडीन मांजरांतही वापरून पाहिले जाते, पण फायदा मर्यादित आणि रक्तक्षय वाढण्याची भीती, त्यामुळे आमच्या पशुवैद्यांनी ते टाळले.

जाता जाता एक धोक्याची सूचना. ताप दिसला म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. आपल्या यकृतात ते ज्या पद्धतीने निकामी केले जाते ती यंत्रणा मांजरात जवळजवळ नसते. एक गोळीही जीव घेऊ शकते. लहान मुलांचे पातळ औषधही नको. हे मी दवाखान्यात निदान दहा जणांना सांगितले असेल, आणि त्यातील दोघांना फार उशिरा.

मनी त्यानंतर दोन वर्षे नऊ महिने जगली, आणि त्यातला बहुतेक काळ आजारी मांजर म्हणून नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत मी दवाखान्यातून परत आल्यावर मागच्या दारी आंघोळ करूनच घरात येत असे. घरचे सगळे लांब उभे. मनी जाळीच्या आत बसून पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ओरडत राही. एकदा तिला तोंड आले, खाणे तुटले. पुण्याचा रस्ता बंद होता. पशुवैद्यांनी फोनवर सांगितले तसे मी कातडीखाली सलाईन दिले, सौ.नी तिला टॉवेलात धरले. त्यातून ती उठली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तिला धाप लागू लागली. छातीत पाणी झाले होते व आत गाठ होती, लसिकापेशींच्या कर्करोगाची. पाणी काढले, दोन दिवसांत पुन्हा भरले. मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले म्हणजे परिस्थिती गंभीर असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पशुवैद्य म्हणाले, आता शांत मरण देणे हाच दयेचा मार्ग आहे.

आम्हा माणसांच्या डॉक्टरांच्या हाती ही गोष्ट नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबविण्यास परवानगी दिली, पण औषध देऊन मरण आणणे आपल्या कायद्यात नाही, आणि माझ्या हाताला त्याची सवय नाही. घरी आई होती, ब्याऐंशी वर्षांची. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, हे ऐकत आम्ही तिच्याकडेच वाढलो. तिला कसे सांगावे हा मला प्रश्न पडला. ती रात्रभर मनीजवळ बसली होती. सकाळी स्वतःच म्हणाली, "घेऊन जा रे तिला. मी काशीचं बघून घेते."

आधी गुंगीचे, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. दोन-तीन मिनिटे लागली असतील. सौ.चा हात तिच्या डोक्यावर होता. परसात तांब्याशेजारीच तिला पुरले.

त्यानंतरचे दिवस मला डॉक्टर म्हणून शिकवणारे ठरले. दवाखान्यात मी नेहमीसारखा होतो, पण हात धुताना कान जाळीकडे जात. "एवढं काय, मांजरच ना!" असे दोघा-तिघांनी म्हटले, चांगल्या मनानेच. तेव्हा मला एक जुनी रुग्ण आठवली. एकट्या राहणाऱ्या आजी, रक्तदाब अचानक वाढला, झोप नाही. मी गोळी वाढविली, पुन्हा वाढविली. त्यांचे मांजर गेल्याचे मला त्यांच्या कामवाल्या बाईकडून कळले. आजींनी मला सांगितले नव्हते, मी हसेन म्हणून. आता मी एकट्या वृद्धांना घरच्या जनावरांचीही चौकशी करतो. पाळीव प्राणी गेल्यावर दोन-तीन आठवडे झोप-भूक कमी होणे, रडू येणे हे स्वाभाविक आहे. त्यापुढेही जेवण तुटलेलेच राहिले, औषधे घेणे थांबले, तर घरच्यांनी डॉक्टरांकडे आणावे. मुलांना मात्र "पळून गेलं" किंवा "झोपलं" असे सांगू नये. पळून गेले म्हटले तर मूल शोधत राहते, झोपले म्हटले तर स्वतः झोपायला घाबरते. मेले, ते आता परत येणार नाही, असे साध्या शब्दांत सांगावे आणि पुरताना यायचे असेल तर येऊ द्यावे.

घरात पुन्हा मांजर आणायचे झाल्यास वाडगे साबणाने धुवावेत, मातीची पेटी व जुनी अंथरुणे टाकून द्यावीत. ल्युकेमियाचा विषाणू घरात दडून बसत नाही. नव्या पिल्लाची मात्र आणतानाच चाचणी करावी.

त्या बाईंना मी एवढे सगळे सांगितले नाही. मुलाचे उपचार चालू असेपर्यंत काय करायचे ते लिहून दिले. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी झालेली आहे, म्हणून मांजराची माती त्याने साफ करायची नाही, मांजर त्याच्या अंथरुणात घ्यायचे नाही, हाताळल्यावर हात धुवायचे, ओरखडा आला किंवा चावले तर जखम लगेच साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून, मला व पुण्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. मांजराला रेबीजची लस द्यायची. हे नियम ल्युकेमियाच्या विषाणूसाठी नाहीत, मांजरापासून माणसाला जे खरोखर होऊ शकते त्यासाठी आहेत. बाजारात सोडण्याचे काही कारण नाही, हे सासूबाईंना सांगायला मीच गेलो. त्यांनी चहा दिला, मांजर तोवर पडवीत ठेवायचे कबूल केले, आणि चाचणी मात्र करूनच घ्या असे बजावले. परवा बाईंचा फोन आला. पशुवैद्यांकडूनच बोलत होत्या. कार्डावर एकच रेघ आली होती.